आवळीकरांचं शांत घर

"मान गए, लक्ष्मीकांतजी," जेल रोडच्या ऐन गर्दीत दत्तोपंतांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पोरीचा संसार मोडला, पोर कायमची घरी येऊन बसली, आणि तुमच्या चेहऱ्यावर एक रेघ नाही. मी तर ज्याला त्याला सांगतो, शांती काय असते ते बघायचं असेल तर स्नेहलतागंजात जा आणि आवळीकरांना बघा. कमाल आहे भिया."

लक्ष्मीकांत हसले. ऐकल्याबरोबर आपण हसलो, हे पुढे दिवसभर त्यांना सलत राहिलं. "चालायचंच," असंही ते म्हणाले. तो शब्द कुठून आला कोण जाणे. दत्तोपंत कधीकाळी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता रिटायर होऊन दर गुरुवारी संध्याकाळी न चुकता आवळीकरांकडे डोळे मिटून बसायला यायचे. तो 'चालायचंच' ऐकून त्यांचे डोळे पाणावले. "आज संध्याकाळी एकाला घेऊन येतोय," ते म्हणाले, "बहुत परेशान आहे बिचारा. तुमच्याजवळ बसला की बरं वाटेल." आणि ते गर्दीत नाहीसे झाले. लक्ष्मीकांत तिथंच उभे राहिले. एक टांगेवाला त्यांना बाजूला व्हायला ओरडला, तेव्हा ते बाजूला झाले. ऑफिसची वेळ झाली होती. पाय मात्र कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे वळले, आणि होळकरांच्या समाध्यांच्या, तिथल्या छत्र्यांच्या, पायऱ्यांवर सावली बघून ते बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत न कळवता ऑफिस चुकवण्याची त्यांची ही पहिली वेळ.

पोरीचा संसार मोडला. शशिकलेचा. पण शशी तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी इंदूरला राहिली होती. चैत्रात सरकारी दप्तर ग्वाल्हेरहून इंदूरला आलं, दर उन्हाळ्यात येतं तसं, आणि त्याच्याबरोबर लक्ष्मीकांतही घरी आले, तेव्हा ती आधीच माहेरी होती. थोडी अशक्त झालीये, हवापालटाला आलीये, असं बायकोनं, इंदुमतीनं, पानावर वाढता वाढता सांगितलं होतं. मग आषाढात म्हणाली, आलीच आहे तर ट्रेनिंग पुरं करते म्हणते, जावईही हो म्हणालेत. लक्ष्मीकांत "छान" म्हणाले होते. इतकं सरळ होतं सगळं. आत काही खळबळ नसली की बाहेरचं जगही सरळ येतं, याचाच तो एक दाखला होता. खाली खान नदीचं काळपट पाणी हलत नव्हतं. कडेला एक म्हैस गुडघाभर चिखलात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. दत्तोपंतांना माहीत होतं. म्हणजे दत्तोपंतांच्या बायकोला माहीत होतं. म्हणजे भाजीवालीपासून गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना ते दर गुरुवारी समोर बसवून सांगत होते, त्या सगळ्यांना माहीत होतं.

आणि ते काय सांगत होते? "जगाला शांत करायच्या भानगडीत पडू नका. आपण शांत झालो की घर शांत होतं, घर झालं की गल्ली होते. दूर कशाला जाता, माझंच घर बघा." असं म्हटल्यावर समोरची माणसं खरंच घर बघायची. त्यांची नजर आतल्या दाराकडे जायची आणि खाली वळायची. लक्ष्मीकांतांना वाटायचं, ही श्रद्धा आहे. आज त्या खाली वळलेल्या नजरा एकेक करून त्यांच्यासमोर पुन्हा वर उचलल्या जात होत्या.

त्यांचं घर पूर्वी शांत नव्हतं हे मात्र खरं. होळकरांच्या चाकरीत आवळीकरांच्या तीन पिढ्या गेल्या. मग संस्थानं विलीन झाली, मध्य भारत झाला, नोकऱ्यांची सरमिसळ झाली, आणि हाताखाली शोभला असता असा माणूस डोक्यावर येऊन बसला. ऑफिसात तोंड उघडायची सोय नव्हती. ते सगळं घरी यायचं. एकदा आमटी गार म्हणून त्यांनी वाटी भिंतीवर फेकली होती. तो पिवळा डाग दोनदा चुना मारूनही पावसाळ्यात वर यायचा, आणि इंदुमतीनं मग तिथं कॅलेंडर लावलं. संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की खालच्या बिऱ्हाडातलीसुद्धा माणसं बोलायची थांबायची. शशी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. ती गाणं गुणगुणत असायची ते अर्ध्यात तोडून पुस्तक उघडायची. कोणतंही पुस्तक, कुठलंही पान. स्वतःच्याच मुलीला आपण असं पान उलटताना बघतो, आणि त्याचाही आपल्याला रागच येतो, हे त्यांना कळायचं. कळून काही उपयोग नसायचा.

मग काही वर्षांपूर्वीचा ग्वाल्हेरचा तो हिवाळा. लष्कर भागात भाड्यानं घेतलेली खोली, स्टोव्हवर स्वतः केलेली खिचडी, आणि शेजारच्या खोलीत राहणारे एक म्हातारे ओव्हरसियर. पहाटे भिंतीपलीकडे इतकी शांतता असायची की एक दिवस लक्ष्मीकांत न राहवून विचारायला गेले, तुम्ही काय करता? म्हातारा म्हणाला, काही नाही, बसतो. बसा तुम्हीही. एवढंच. मंत्र नाही, माळ नाही. कित्येक दिवस लक्ष्मीकांत नुसते तळमळत बसले. मग एका सकाळी श्वास आत जाताना त्यांना दिसला, आणि त्याच्यामागून एक जागा दिसली. दुपारच्या उन्हातून देवळात शिरल्यावर तळपायाला फरशी लागावी तसा गारवा होता तिथं. राग उंबऱ्यापर्यंत आला, उभा राहिला, आणि निघून गेला. यात खोटं काही नव्हतं. आज या पायरीवर बसून सगळंच खोटं असल्यासारखं वाटत असताना देखील ती जागा खोटी होती असं त्यांना म्हणता येईना. उन्हाळ्यात ते घरी आले, आणि महिना गेला तरी आवाज चढला नाही. इंदुमती आधी बिचकून होती. भरल्या घागरीजवळून जपून जावं तशी त्यांच्याजवळून जायची. मग हळूहळू तिचे खांदे सैल झाले. पुढं ऑफिसात कुणाकुणाला कळलं. आता तर नोव्हेंबरात मध्य भारतच मोडणार, दप्तर भोपाळला जाणार, कोण कुठं फेकला जाईल याची सगळ्यांना धास्ती. तरणीताठी कारकून पोरं फाइलच्या निमित्तानं त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "आवळीकरसाहेब, तुमच्याजवळ दो मिनिट थांबलं की बरं वाटतं." मग गुरुवार सुरू झाले.

आणि घर खरंच शांत होत गेलं होतं. भांड्यांचे आवाज बंद झाले. इंदुमतीचा मूळचा खणखणीत आवाज खाली आला. ते स्वयंपाकघराच्या दारात आले की आतलं बोलणं आपोआप विरायचं. ते विरणं त्यांना आवडायचं, हे त्यांना आता आठवलं. आपल्या नुसत्या असण्यानं शब्द गळून पडतात, असं त्यांना वाटायचं. एका गुरुवारी त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. आता त्याच सगळ्या गोष्टी उलट्या बाजूनं दिसत होत्या. वैशाखाच्या उकाड्यात शशी मनगटापर्यंत बाह्या घालून वावरायची, ते साधेपण नव्हतं. इंदुमतीचा भाऊ अच्युत उन्हाळाभर सारखा उज्जैनला, शशीच्या सासरच्या गावी, जायचा, ते धंद्याचं काम नव्हतं. कोपऱ्यात एक शिवणाचं मशीन येऊन बसलं होतं, ते शेजारणीचं नव्हतं. शशीला ते तिच्या लग्नात त्यांनीच घेऊन दिलं होतं. रोज सकाळी त्याच्यापासून हातभर अंतरावर डोळे मिटून ते बसत होते.

फसवलं. शब्द सापडला तेव्हा त्यांना जरा बरंच वाटलं. आपल्याला आपल्याच घरात फसवलं. बायकोनं, मुलीनं, मेव्हण्यानं. जणू साथीच्या रोग्याला एका खोलीत ठेवावं, त्याला बरं वाटतंय असं सगळ्यांनी त्याला सांगावं, आणि घर त्याच्यावाचून चालवावं. आपली शांती म्हणजे यांनी दाराशी पहारा ठेवून राखलेली झोप. ते रागाची वाट बघू लागले. आता तो यायला हवा होता, त्याचा हक्कच होता. त्यांनी मुठी वळून पाहिल्या. राग आला नाही. आत तीच गार फरशी होती, स्वच्छ, झाडलेली, आणि आज पहिल्यांदा तिच्यावर उभं राहायची त्यांना भीती वाटली.

उठता उठता त्यांना गेल्या पौषातली ती दोन दिवसांची भेट आठवली. शशी एकटीच ग्वाल्हेरला आली होती. त्यांना केवढा आनंद झाला होता. लग्नानंतर मुलगी आपण होऊन बापाला भेटायला येते, आपल्याला बिचकत नाही, याचा आनंद. त्यांनी तिला समोर बसवलं, बसायचं कसं ते शिकवलं. डोळे मिटल्यावर काही वेळानं तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. त्या अश्रूंबद्दल त्यांनी गुरुवारच्या लोकांना कितीदा सांगितलं असेल.

दुपारी भलत्या वेळी ते घरी पोचले. इंदुमती मेथी निवडत बसली होती. शशिकला खिडकीशी केस वाळवत होती. त्यांना बघून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ही नजरसुद्धा आज त्यांना दिसली.

"बरं नाही का वाटत?" इंदुमती उठत म्हणाली.

"दत्तोपंत भेटले होते."

इंदुमतीच्या हातातली जुडी हातातच राहिली. ती परत खाली बसली. शशिकलेनं बाही मनगटावर ओढून घेतली. मग काहीतरी मनात येऊन तिनं ती सोडून दिली.

"मला का नाही सांगितलंत?" लक्ष्मीकांतांनी विचारलं. आवाज त्यांच्या नेहमीच्या सुरातच आला. त्यांनी तो चढवायचा प्रयत्न केला. "सगळ्या गल्लीला माहीत, मलाच नाही. मी पुन्हा पहिल्यासारखा चिडेन, असं वाटलं तुम्हाला? माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"चिडाल असं कोण म्हणतंय?" इंदुमती म्हणाली. ती मेथीच्या काड्यांकडे बघत होती. "चिडला असतात तर बरं झालं असतं हो. मी आणि अच्युत रात्ररात्र हेच बोलायचो. पूर्वीचे असते तर उज्जैनला जाऊन त्या दिवाकराच्या दारात उभे राहिले असते, चार लोक गोळा झाले असते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, डोळे मिटले असते, आणि दोन चांगले शब्द बोलला असता. ते पोरीला सोसलं नसतं. ती म्हणाली, आई, एवढं माझ्यासाठी कर. बाबांना सांगू नकोस."

लक्ष्मीकांत मुलीकडे वळले. "तू म्हणालीस?"

"हो."

"शशी, मी तुझा बाप आहे."

"मी सांगायला आले होते ना, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "ग्वाल्हेरला. तेवढ्यासाठीच आले होते. मी म्हटलं, तिकडं बरं नाहीये. तुम्ही म्हणालात, तक्रार नंतर, आधी बस. मग मी बसले. मग रडले. तुम्हाला वाटलं मला काहीतरी गवसलं. इतके खूष होतात तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर इतके खूष होतात. मला बोलताच येईना."

"मग?"

"मग तुम्ही मला गाडीत बसवलंत आणि म्हणालात, आपण शांत झालो की समोरचा माणूस शांत होतो. तुमचं बघूनच मला ते पटलं होतं, बाबा. तुम्ही किती बदललात ते मी पाहिलं होतं. मी घरी गेले आणि तसंच केलं. ते मारायला लागले की मी डोळे मिटून बसायची. ओरडले नाही. शेजारी धावून येत नसत, कारण ऐकायला काही नसायचंच." ती थांबली. "त्यांना वाटायचं मी त्यांना हिणवतेय. ते म्हणायचे, जोगीण झालीस का? आणि मग आणखी. शेवटी हात मोडला तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी फुटली. ती ऐकून समोरची बाई धावत आली, म्हणून मी इथं आहे."

लक्ष्मीकांतांना खाली बसावंसं वाटलं, पण कुठं बसावं ते कळेना. मशीनच्या बाजूला त्यांचं रोजचं आसन घडी घालून ठेवलेलं होतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. "मी उद्या उज्जैनला जातो," ते म्हणाले.

"मामा जाऊन आला," शशिकला म्हणाली. "सामान आणलं, वकिलाशी बोलणं झालं. दिवाकरांनी सोडचिठ्ठीवर सही करायचं कबूल केलंय. सगळं झालंय, बाबा. आता तिकडं काही नाहीये." तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखाद्या पाहुण्याला, तुम्ही बसा, आम्ही आवरतो, असं म्हणावं तशी ती बोलत होती. सकाळपासून त्या एका शब्दाला ते धरून होते, फसवलं, तो त्यांच्या हातातून निसटला. निसटताना तो वळला आणि त्यांच्याकडेच तोंड करून उभा राहिला.

तिसरा प्रहर कसा गेला ते त्यांना कळलं नाही. मिलचा भोंगा झाला. इंदुमतीनं सवयीनं समोरच्या खोलीत सतरंजी घातली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आज गुरुवार. दिवेलागणीला माणसं आली. ऑफिसातली दोन पोरं, एक पेन्शनर जोडपं, आणि दत्तोपंत, बरोबर एक पोक काढून चालणारा मध्यमवयीन इसम. "हे रघुवीरजी," दत्तोपंत म्हणाले. "भावाशी भांडण, घरात बोलचाल बंद, रात्री नींद नाही. मी यांना तुमचं सगळं सांगितलंय."

लक्ष्मीकांत बसले नाहीत. ते उभ्यानंच म्हणाले, "दत्तोपंत, सकाळी तुम्ही शशीचं जे बोललात, ते मला माहीत नव्हतं."

दत्तोपंत हसून बघत राहिले.

"खरंच माहीत नव्हतं. घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. ती मला सांगायला आली होती, मी ऐकलं नाही. म्हणून माझ्या चेहऱ्यावर रेघ नव्हती. दुसरं काही कारण नाही."

मग दत्तोपंत रघुवीरजींच्या गुडघ्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "सुना आपने? पोटची पोर दुःखात आहे, आणि म्हणतात मला माहीतच नव्हतं. अशी अवस्था पाहिजे. दुःख आहे, पण ते घेणाराच शिल्लक नाही. वा!" पेन्शनर बाईंनी पदर डोळ्यांना लावला. रघुवीरजी आ वासून लक्ष्मीकांतांकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावरची आठी खरोखरच सैल होत चालली होती.

"अहो, तसं नाही—" लक्ष्मीकांत म्हणाले. पण दत्तोपंतांनी डोळे मिटले होते. मग पोरांनी मिटले. मग रघुवीरजींनी, आजूबाजूला एकदा बघून. लक्ष्मीकांत त्या मिटलेल्या डोळ्यांच्या रांगेपुढं थोडा वेळ उभे राहिले. त्यांची कुणाला गरज नव्हती. जी शांती त्यांनी या लोकांना दिली होती ती आता त्यांच्याकडून परत घेता येणार नव्हती.

ते आत आले. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं, दोघींनी सगळं ऐकलं होतं. शशिकला पाटावर बसली होती. तिनं वर पाहिलं.

"तुम्ही खरं सांगितलंत, आणि त्यांनी ऐकलंच नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कसं वाटतं, बाबा?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. इंदुमतीनं स्टोव्ह बारीक केला. बाहेरच्या खोलीतली शांतता दाराच्या फटीतून आत येत होती, जड, गोड, धुपासारखी.

"सांग मला," लक्ष्मीकांत म्हणाले.

"आता काय सांगायचं? झालं ते."

"जे मला सांगायला आली होतीस ते. पहिल्यापासून."

शशिकलेनं आईकडे पाहिलं, मग स्टोव्हजवळच्या भिंतीकडे. "पहिल्यांदा गणपतीत झालं," ती पुटपुटली. "घरात पाहुणे होते."

"हळू बोल गं," इंदुमती एकदम सवयीनं म्हणाली, "बाहेर बसलेत."

"नको," लक्ष्मीकांत म्हणाले. "मोठ्यानं बोल."

शशिकलेचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. "घरात पाहुणे होते," ती म्हणाली, "आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी माझे केस धरले." आवाज आधी फाटला, मग भरला, मग दारातून बाहेर गेला. समोरच्या खोलीत कुणीतरी खाकरलं. ती थांबली नाही. सतरंजीवर हालचाल झाली, कुजबुज झाली, दत्तोपंतांचा आवाज आला, "चला, चला हो," आणि जिन्यावर एकामागून एक चपला वाजत खाली गेल्या. खालच्या बिऱ्हाडातली खिडकी उघडली. लक्ष्मीकांत तिच्या तोंडाकडे बघत होते. पापणीसुद्धा लवू नये असं त्यांना वाटत होतं. तिची हकीकत अजून कार्तिकातच होती. पौष यायचा होता.